'गोमटा' म्हणजे 'गोरा' नव्हे

सिंधुदुर्गातील गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यात तीन विधाने आहेत: मालवणीतील 'गोमटो' म्हणजे 'गोरो', हा शब्द 'गौर'पासून आला, आणि तो फक्त लग्नाच्या मुलींसाठी वापरतात. त्यावरून, कोकणी माणसाच्या भाषेतच सावळ्या रंगाला सौंदर्य नाही, असा निष्कर्ष काढला आहे.

मुख्य प्रश्न अर्थाचा आहे. आमची आजी एका शेजारणीच्या नातीविषयी म्हणत असे, "काळां आसा, पण चेडू गोमटां हां" (काळी आहे, पण मुलगी देखणी आहे). या वाक्यातल्या 'पण'मध्ये गोरेपणाचा हव्यास आहे, हे मी नाकारणार नाही, आणि तो हव्यास मला बोचतो. परंतु 'गोमटां'चा अर्थ 'गोरे' असता, तर हे वाक्यच उभे राहिले नसते. 'शुद्ध बीजापोटीं फळें रसाळ गोमटीं' असे तुकोबा म्हणतात, तेव्हा ते फळांचा रंग सांगत नाहीत. जुन्या मराठीत तर 'गोमटे' हे 'चांगले, हिताचे' या अर्थानेही येते. गैरसमज झाला तो बहुधा 'गोरागोमटा' या जोडशब्दामुळे. दोन शब्द सतत शेजारी राहिले, की एकाची छटा दुसऱ्यावर चढते.

व्युत्पत्तीचे म्हणणेही टिकत नाही. 'गौर'पासून 'गोरा' सरळ येतो, पण 'गोमटा'तला 'मट' त्यातून कसा निघाला, याचे उत्तर मजकुरात नाही. मंजेश्वरचे कवी आणि संशोधक गोविंद पै यांनी या शब्दाचे नाते 'मन्मथ'शी, म्हणजे कामदेवाच्या नावाशी, जोडले होते. ते मत सर्वमान्य नाही, तरी त्यात निदान 'म' आणि 'ट' यांचा विचार आहे. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथील सुमारे 57 फुटी गोम्मटेश्वराच्या, म्हणजे बाहुबलीच्या जैन मूर्तीच्या, पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हा मराठी लेख आहे. 'गोम्मटेश्वर' या नावातील 'गोम्मट' म्हणजे देखणा, की मूर्ती घडवून घेणाऱ्या चावुंडरायाचेच दुसरे नाव, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या वादातल्या या दोन्ही बाजूंचा गोऱ्या कातडीशी संबंध नाही.

तिसरे विधान व्याकरणच खोडून काढते. गोमटो झील (मुलगा), गोमटी बायल (बाई), गोमटां चेडू, अशी तिन्ही लिंगांतली रूपे मालवणीत होतात.

कोकणातल्या स्थळांमध्ये 'मुलगी गोरी हवी' ही अट आजही घातली जाते आणि तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण तो दोष अट घालणाऱ्यांचा आहे. काळ्या मुलीलाही देखणे म्हणू देणाऱ्या शब्दावर तो ढकलू नये.