मधल्या रिकाम्या महिन्यांचं काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर उड्डाणाला तोच सामना रंगतो. दापोलीचा मामा रॉकेटचा फोटो टाकतो, नि पुण्याची आतेबहीण फटकारते, ‘मुंबई-गोवा रस्ता पुरा होईना, उपग्रह कसले सोडताय?’ २६ नोव्हेंबर २०२२ ला समुद्रावर नजर ठेवणारा आपला ओशनसॅट-३ उपग्रह गेला तेव्हाही हेच. मी राहतो नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टला. इथून बघताना वाटतं, दोघंही भलत्याच दिवसावरून भांडतायत.

उट्रेक्टला लागूनच डी बिल्ट. तिथे डच हवामान संस्था, केएनएमआय. तिच्या संकेतस्थळावर समुद्रावरच्या वाऱ्यांचे नकाशे असतात. अरबी समुद्र उघडला की बाणच बाण. पावसाने माप बिघडलं असेल तिथे तशी खूणसुद्धा. या नकाशांना आपल्या उपग्रहांनीही मापं पुरवलीत. वरून सूक्ष्मलहरी सोडायच्या, वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक लाटांवर आपटून त्या किती परततात ते बघायचं, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग नि दिशा काढायची. ढग आड येत नाहीत, म्हणून वादळात याची खरी किंमत.

ग्रुपवर कधीच न आलेली बातमी वेगळी आहे. आपल्या ओशनसॅट-२ वरचं वारा मोजणारं असं यंत्र फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं. त्याच्या जागी स्कॅटसॅट-१ गेला तो सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याचं काम २०२१ च्या फेब्रुवारीअखेर थांबलं, आणि पुढचा आला तो थेट ओशनसॅट-३. म्हणजे आधी अडीच वर्षं, मग पावणेदोन वर्षं खंड. दुसऱ्या खंडातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं. त्या वेळी अशा मापांसाठी भिस्त होती युरोपच्या मेटॉपसारख्या परक्या उपग्रहांवर. यावर ना कुणाचा अभिमान दुखावला, ना कुणी खर्चाचा हिशेब मागितला.

इथे रॉटरडॅमजवळ समुद्राचं उधाण अडवणारी मेस्लांट नावाची अवाढव्य दारं आहेत. दरवर्षी ती मुद्दाम मिटवून तपासतात, आणि लोक ते बघायला पोराबाळांसकट जातात. २१ डिसेंबर २०२३ ला वादळात ती आपोआप मिटली. देखभालीचीसुद्धा जत्रा भरते, याचा मला खरंच हेवा वाटतो.

म्हणून इथले सगळे शहाणे असं नाही. विजेच्या झटक्याने मासे पकडण्यावरून डच मच्छीमार नि युरोपातले छोटे मच्छीमार कडाकडा भांडले; २०२१ मध्ये बंदी आली. आपल्याकडे एलईडी दिव्यांनी मासे ओढण्यावरून नि पर्ससीनच्या भल्यामोठ्या जाळ्यांवरून तेच. मासे कुठे सापडतील याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहावरून देते, त्याचा फायदा बडेच उचलतात, ही एरवी रॉकेटवर खूश असलेल्या मामाचीसुद्धा तक्रार, नि ती खोटी नाही. पण तो जाळ्यांच्या कायद्याचा प्रश्न. त्यासाठी उपग्रहाला झोडण्यात अर्थ नाही.

ओशनसॅट-३ चं ठरलेलं आयुष्य पाच वर्षांचं, म्हणजे २०२७ पर्यंत. तो थकायच्या आत त्याच्या जागी कोण आणि कधी, हे विचारायला खासदार आहेत, वर्तमानपत्रं आहेत.