पायाची जुनी जखम आणि चरबीतल्या पेशी: खुलासा

‘पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या की व्हेरिकोज व्हेन्समुळे (पायातल्या फुगलेल्या शिरांमुळे) झालेली पायाची जुनी जखम कायमची बरी होते, पट्टी बांधावी लागत नाही,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यातलं पट्टीबद्दलचं वाक्य धोकादायक आहे, म्हणून हा खुलासा.

ही जखम मुळात कातडीचा आजार नाही. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त हृदयाकडे जाण्याऐवजी पायात साचतं, दाब वाढतो, घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि शेवटी फुटते. चरबीतून वेगळ्या केलेल्या पेशी वाढीला मदत करणारी प्रथिनं सोडतात, दाह कमी करतात. त्यामुळे जखम भरायला मदत होऊ शकते. छोट्या अभ्यासांत आशादायक निष्कर्ष दिसले आहेत, आणि ते मलाही महत्त्वाचे वाटतात. पण या पेशी झडपा दुरुस्त करत नाहीत. दाब तसाच राहिला तर भरलेली जखम पुन्हा उघडते.

म्हणून घट्ट पट्टी किंवा दाबाचे मोजे हाच उपचाराचा पाया आहे (मात्र आधी पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा तपासून घ्यायलाच हवा). बिघडलेली शीर बंद करण्याचा उपचारही सिद्ध झालेला आहे. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, हा उपचार पट्टीसोबत लवकर केलेल्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या. लांबवलेल्यांना ८२ दिवस लागले.

पेशींचा उपचार कुणी सुचवला, तर तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का आणि शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाला आहे का, हे आधी विचारा. तोवर पट्टी सोडू नका.