चौदा आणि पंधरा

आमच्या भागात नळाला पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही रात्री दोन-अडीचला. जागं राहायचं काम माझ्याकडे. मे महिन्यात सोलापुरात मध्यरात्रीही भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं होतं, त्यामुळे झोपेचं फारसं नुकसान नसतं. वेळ जायला फोनवर आकड्यांचे खेळ.

सुरुवात भाच्यानं पाठवलेल्या एका करामतीनं झाली. मनात कोणताही आकडा धरा, दुप्पट करा, ८ मिळवा, निम्मं करा, धरलेला आकडा वजा करा. उत्तर ४! बायकोवर प्रयोग केला. तिनं माझा पगार धरला. म्हणाली, "महिनाअखेर चारच उरतात, हे मला लग्नापासून माहीत आहे."

मग सापडला ६१७४. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली गंमत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, परत तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. माझ्या स्कूटरचा नंबर ३५२४. ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४! त्या रात्री पार्किंगमधल्या एमएच १३ च्या सगळ्या गाड्या मी ६१७४ वर आणून लावल्या. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, "काका, गाडी सापडंना का?"

इथवर ठीक होतं. नंतर सरकत्या ठोकळ्यांचं कोडं आलं. चार बाय चारची चौकट, १ ते १५ आकड्यांचे ठोकळे, एक घर रिकामं. ठोकळे सरकवत आकडे ओळीनं लावायचे. (आमची मोरी तशीच आहे. सहा पिंपं आणि एक पाय ठेवण्यापुरती जागा.) फोनवर ते मला जमायला लागलं. वरची ओळ आधी, मग दुसरी, खालचं शेवटी. त्या घमेंडीत मी भाच्याचं गड्ड्याच्या जत्रेतून आणलेलं प्लास्टिकचं कोडं मागून घेतलं.

तीन रात्री! दरवेळी शेवटची ओळ १३, १५, १४. तिसऱ्या रात्री मी इतका रंगलो की पाणी येऊन गेलं. चार दिवस शेजाऱ्यांच्या कळश्यांवर काढले. त्याबद्दल घरात जे बोललं गेलं ते इथं लिहीत नाही.

शेवटी शोधलं. १८८० साली अमेरिकेत याच कोड्यानं लोक येडे झाले होते. पुढे सॅम लॉइड नावाच्या कोडेवाल्यानं नेमके १४ आणि १५ उलटे ठेवून सोडवणाऱ्याला १,००० डॉलर लावले. पैसे जाण्याची भीतीच नव्हती, कारण सरकवून ते दोन कधीच जागेवर येत नाहीत. हे १८७९ मध्येच गणितानं सिद्ध झालं होतं. ठोकळे उचकटून कसेही बसवले तर निम्म्या मांडण्या अशाच न सुटणाऱ्या निघतात.

भाच्याला फोन लावला.

"तू ठोकळे काढले होतेस का रे?"

"हो की मामा. आत काय असतं बघायला."

दुसऱ्या दिवशी बायकोसमोर सुटलेलं कोडं ठेवलं. एक ते पंधरा, ओळीत. तिनं ते हातात घेऊन नीट बघितलं. मग स्वयंपाकघरातून आवाज आला,

"अहो, उलथन्याचं टोक कुणी वाकवलं?"