शोधपेटीला गाऱ्हाणं कळत नाही
आज सकाळी एका ग्रुपवर पुन्हा तेच. "विंडोज अपडेट होत नाहीये, सपोर्टच्या साइटवर काहीच सापडत नाही." सोबत स्क्रीनशॉट. त्यात ठसठशीत एरर कोड, ८००७०६४३, आणि वर केबी क्रमांक, म्हणजे मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला देतं तो नंबर. शोधलं काय होतं? "लॅपटॉप अपडेट होत नाही काय करू". किल्ली खिशात आणि दारावर धडका!

अहो, 'अपडेट', 'होत नाही', 'प्रॉब्लेम' हे शब्द तिथल्या जवळपास प्रत्येक लेखात असतात. त्यांनी काय चाळलं जाणार? चाळतो तो दुर्मीळ शब्द.

बरं, नुसता कोड टाकूनही भागत नाही. यातलं शेवटचं ६४३ हेक्समधलं (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत), म्हणजे आपल्या दशमानात १६०३. अर्थ एवढाच की इन्स्टॉल फसलं. का फसलं, ते केबी क्रमांकावरून कळतं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या केबी५०३४४४१ ला हाच कोड यायचा, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये (विंडोज दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा भाग) २५० एमबी मोकळी जागा नसायची. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्याच, अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटलाही हाच कोड येतो, पण तिथला उपाय निराळा. म्हणून दोन्ही एकत्र टाका. कोड सुरुवातीच्या शून्य-एक्ससकट (0x80070643), केबी आणि आकडे जोडून, मध्ये स्पेस नको.

एररचं वाक्य शोधायचं तर त्यातलं आपलं युजरनेम, फोल्डरचा पत्ता, तारीख काढा आणि उरलेले चार-पाच शब्द अवतरणात घाला. अख्खा परिच्छेद अवतरणात घातलात तर शून्य निकाल. आणखी एक खोड: काही लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः ठेवतो त्या नोंदींमध्ये, हाच कोड -२१४७०२३२९३ असा दिसतो. तो तसाच गूगलला दिला, की पुढची वजाची खूण 'हे वगळ' अशी वाचली जाते. अवतरण घाला, नाहीतर वजा काढा.

मान्य, काही कंपन्यांची आतली शोधपेटी भिकारच असते. मग गूगलवर इंग्रजीत 'साइट' (site), कोलन आणि लगेच त्यांच्या साइटचा पत्ता. पुढे तेच शब्द, इंग्रजीत.

चिडून लिहितोय खरा, पण एरर बघून माणूस घाबरतो, आधी दुःखच सांगतो. समोर डॉक्टर असता तर चाललं असतं.

आणि तो सकाळचा स्क्रीनशॉट आत्ता मोठा करून बघितला. केबीचे शेवटचे दोन आकडे कापले गेलेत. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी. तिथे पूर्ण क्रमांक आहे, तेवढा टाका ग्रुपवर.