स्क्रीन सापडली नाही

बाबांची मागणी साधी होती. सकाळी चहाबरोबर नेटवर दोन-तीन गावचे पेपर वाचता यावेत आणि दुपारी पत्ते लावता यावेत. एवढ्यासाठी नवीन लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला तेव्हा आईने "पैसे वर आलेत का?" असं विचारून तो तिथेच संपवला. कपाटावर एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यातली प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालू व्हायला इतका वेळ घ्यायची की बाबा बटण दाबून आंघोळीला जायचे, आणि अंग पुसत बाहेर आले तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं.

"मामा, त्यात फ्रीबीएसडी टाक," भाचा म्हणाला. "फुकट मिळणारी प्रणाली आहे. एकदा बसवलं की बघायला नको."

हे त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. पुढे बरेच दिवस बघायला काही नव्हतंच.

भाचा हिंजवडीला एका कंपनीत आहे. ऑफिसात तो फोन उचलत नाही आणि घरी पोचला की तो कुणाचाच नसतो. सापडतो तो मधल्या वेळात, वाकडच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना. त्यामुळे माझं सगळं तांत्रिक शिक्षण संध्याकाळचं, मागे हॉर्न वाजत असताना झालं. ट्रॅफिक जितका वाईट, तितकं मार्गदर्शन सखोल. पुढची गाडी हलली की "मामा, थांब, सुटलं जरा" म्हणून फोन बंद. आणि त्या वेळी माझं बोट नेमकं एंटरवर. पुण्याच्या वाहतुकीला शिव्या घालणाऱ्यांत मी आता नाही. रस्ते मोकळे असते तर आमच्या लॅपटॉपवर आजही अंधार असता.

पेन ड्राइव्ह आणायला तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "मोकळा देऊ की काही भरून?" मी गमतीत म्हटलं, "फ्रीबीएसडी भरा." त्याने आत हाक मारली, "अरे, फ्रीबीएसडी आलाय का रे?" आतून पोरगा म्हणाला, "अजून प्रिंट चांगली नाही!"

प्रणाली बसवणं मात्र झकास झालं. निळ्या पडद्यावर चौकटी येतात आणि एकेक प्रश्न विचारतात. वेळ कुठली? आशिया, मग भारत. त्यावर पुढचा प्रश्न असा, की 'आयएसटी' हे संक्षिप्त रूप आपल्याला रास्त वाटतं का? इतक्या अदबीने आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही मला कुणी कधी काही विचारलेलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रास्त आहे म्हणावं."

मग नावं नोंदवायची. प्रत्येक नावापुढे विचारणा, की या व्यक्तीला आणखी कुठल्या गटांत आमंत्रण द्यायचं? 'व्हील' गटात असल्याशिवाय गरज पडेल तेव्हा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येत नाही. 'व्हिडिओ' गटात नसलं तर ग्राफिक्सच्या चिपला थेट हात लावता येत नाही. भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी स्वतःला दोन्हीकडचं आमंत्रण दिलं आणि बाबांना व्हिडिओचं.

लॅपटॉप पुन्हा चालू होताना पडद्यावर शिंगं असलेला लाल गोळा आला, नेमकी आई फुलांची परडी घेऊन मागून जात असताना. "हे काय आणलंस घरात?" मी सांगितलं की ही बीएसडी घराण्याच्या जुन्या शिंगवाल्या बाहुल्यावरून केलेली खूण आहे, त्या बाहुल्याचं गाजलेलं चित्र जॉन लॅसेटर नावाच्या माणसाने 1980च्या दशकात काढलं, तोच पुढे पिक्सारमध्ये मोठा दिग्दर्शक झाला. "कुणी का काढलं असेना," आई म्हणाली, "देवघराकडे तोंड करून ठेवायचं नाही." तेव्हापासून लॅपटॉपचं तोंड गॅलरीकडे आहे आणि पडद्यावर समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातलेलं धुणं दिसतं.

नाव आणि पासवर्ड दिला. काळा पडदा, एक डॉलरचं चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारा ठोकळा.

"डॉलर कशाला मागतोय?" बाबा म्हणाले. "फुकट आहे म्हणाला होतास ना?"

इथे जरा समजावून सांगायला हवं. आपण लॅपटॉप उघडल्यावर जे पाहतो, म्हणजे खिडक्या, बाण, खालची पट्टी, मागचा डोंगराचा फोटो, त्यातलं काहीही युनिक्सच्या, म्हणजे फ्रीबीएसडी ज्या घराण्यातली त्या जुन्या प्रणालीच्या, गाभ्यात नाही. फ्रीबीएसडी 1993 पासून चालू आहे आणि जगात ती जिथे जिथे चालते तिथे बऱ्याचदा पडदाच जोडलेला नसतो. चित्रं दाखवण्याचं काम 'एक्स' नावाच्या वेगळ्याच मंडळींकडे. ही एक्स 1984 साली अमेरिकेत एमआयटीत जन्मली. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस ही दोन नावं तिच्याशी जोडलेली. 1987च्या सप्टेंबरात तिची अकरावी आवृत्ती आली आणि तेव्हापासून गाडी अकरावरच आहे. तिचं पहिल्यापासूनचं तत्त्व असं, की साधनं आम्ही देऊ, धोरण तुम्ही ठरवा. खिडकी उघडून द्यायची सोय आहे. पण खिडकीला चौकट असावी की नाही, ती कुठे ठेवावी, बंद कशी करावी, याबद्दल एक्सला काहीही म्हणायचं नाही.

पुण्यात ज्याने मुंजीसाठी किंवा लग्नासाठी कार्यालय घेतलंय त्याला हे लगेच कळेल. हॉल आमचा. आचारी तुमचा, भटजी तुमचे, सजावटवाला बाहेरचा चालेल, पण खिळा ठोकायचा नाही. एक्स म्हणजे नुसता हॉल. खिडक्यांना चौकटी लावणारा विंडो मॅनेजर वेगळा, दारात उभा राहून पासवर्ड विचारणारा वेगळा, एकमेकांचे निरोप पोचवणारा डीबस वेगळा, आणि या सगळ्यांना एका रंगाचे फेटे बांधून देतो तो डेस्कटॉप. आणि यजमान म्हणून धावपळ करायला आपण.

तर सामान मागवायला घेतलं. वायफायच्या चिपशी प्रणालीची ओळख निघाली नाही, म्हणून मोबाइल केबलने जोडून त्यावरून नेट घ्यायचं ठरलं. माझ्या फोनवर भाचा असायचा, त्यामुळे लॅपटॉपला बायकोचा फोन. पॅकेजं आणणारी आज्ञा दिली, तर उत्तर आलं की पॅकेजं आणणारं साधन अजून बसवलेलं नाही, आधी तेच आणू का? आण बाबा. मग एक्स मागवलं, तर त्याच्याबरोबर त्याचा सगळा गोतावळा निघाला. नावांची यादी पडद्यावरून वर सरकतेय, सरकतेय, आणि इतक्यात बायकोच्या बहिणीचा फोन. ती बोलत बोलत गॅलरीत. केबल निघाली. यादी थांबली.

"अरे, माझा फोन किती दिवस असा खुंटीला बांधून ठेवणारेस?"

"फक्त एक्स उतरेपर्यंत."

"कोण एक्स?" हे तिने ज्या सुरात विचारलं, त्यावर मी तपशीलवार उत्तर द्यायचं टाळलं.

शेवटी सगळं उतरलं. मी बाबांना बोलावून शेजारी बसवलं आणि आज्ञा टाइप केली, स्टार्टएक्स. पडदा काळा झाला. एकदा पांढरा चमकला. परत काळा झाला, आणि बारा-पंधरा ओळींच्या शेवटी लिहून आलं: जीवघेणी चूक, एकही स्क्रीन सापडली नाही.

हे स्क्रीनवर लिहिलेलं होतं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, कागदपत्रांतली विसंगती त्यांना सहन होत नाही. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "मग हे काय आहे?" मला उत्तर सुचलं नाही. पडद्यावर बोटाचा ठसा तेवढा उमटला.

संध्याकाळी वाकड चांगलंच तुंबलं होतं. "डीआरएम टाकलंस का?" भाचा म्हणाला. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेगळा असतो, मामा. इंटेलची चिप आहे ना? आय915केएमएस. आणि तो आरसी डॉट कॉन्फ फाइलमध्ये लिही, म्हणजे दर वेळी आपोआप..." सुटलं जरा.

ड्रायव्हर चढवला आणि त्या क्षणी पडद्यावरची अक्षरं इतकी बारीक झाली की बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि काही न बोलता उठून गेले. मला मात्र आनंद झाला. हॅंडबुकात वाचलं होतं की ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेतला की असं होतं. फ्रीबीएसडीचं हॅंडबुक ही खरंच उत्तम गोष्ट आहे. त्यात सगळं आहे. आपल्याला नेमकं काय हवंय हे आधी ठाऊक असलं की लगेच सापडतं.

या खेपेला स्टार्टएक्स म्हटल्यावर खिडक्या आल्या! तीन पांढऱ्या खिडक्या आणि कोपऱ्यात एक काट्यांचं घड्याळ. हा टीडब्ल्यूएम, 1987चा विंडो मॅनेजर, टॉम लास्ट्रेंज नावाच्या गृहस्थांनी लिहिलेला. मी आनंदाने ओरडलोच. सगळं घर जमलं.

"पत्ते कुठेत?" बाबा म्हणाले.

"पत्ते नाहीत अजून. घड्याळ आहे."

"घड्याळ भिंतीवर आहे."

आणि त्या तीन खिडक्यांत काय होतं? प्रत्येकीत एक डॉलरचं चिन्ह. शिवाय त्यांतली एक मालकीण. बाकीच्या बंद केल्या तर चालतं, तिला 'एक्झिट' म्हटलं की क्षणात तिन्ही खिडक्या आणि घड्याळ गुंडाळून परत काळा पडदा. बायकोने नेमकं तिलाच म्हटलं, कारण तिला फोन हवा होता.

आता डेस्कटॉप निवडायचा. यात पडू नये. 1996च्या ऑक्टोबरात माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची हाक दिली. ते ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर उभं होतं त्याचा परवाना काहींना पटला नाही, म्हणून 1997च्या ऑगस्टमध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम काढलं. तेव्हापासून दोन तट आहेत. गणपती मंडळांत असतात तसेच नांदतात, म्हणजे एकमेकांकडे न बघता. भाच्याला विचारलं तर त्याच्याकडे डेस्कटॉपच नाही. तो आय3 नावाचा नुसता विंडो मॅनेजर वापरतो. त्यात चिन्हं नसतात, पट्ट्या नसतात, माउसला हात लावणं कमीपणाचं समजतात. मी जुन्या लॅपटॉपला झेपेल असं एक्सएफसीई घेतलं. तेही 1996चंच, ऑलिव्हिए फूरदाँचं, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ते चालू व्हावं म्हणून एक्सइनिटआरसी नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची होती. या फाइलच्या नावाआधी टिंब असतं, आणि टिंब असलं की ती साध्या यादीत दिसत नाही. असते, पण दिसत नाही. अख्ख्या प्रकरणात आईला न समजावता पटलेली गोष्ट एवढीच.

आणि मग एका संध्याकाळी निळा पडदा, त्यावर उंदराचं चित्र, खाली चिन्हांची पट्टी, आणि मधोमध बाण. बोट फिरवलं की फिरत होता. मी तो नुसताच इकडून तिकडे नेत बसलो. बाबा आले, बसले, त्यांनी सवयीने टचपॅडवर टिचकी मारली. काही झालं नाही. परत मारली. टिचकीला क्लिक मानायचं नाही, हा टचपॅड सांभाळणाऱ्या लिबइनपुटचा मूळचा नियम. खूण केलीत तर मानू. खूण केली. ब्राउझर उघडला. पेपर उघडला. फोटो आले, जाहिराती आल्या, आणि बातम्यांच्या जागी ओळीच्या ओळी चौकोन.

बाबा शांतपणे म्हणाले, "आज सगळ्या बातम्या काळजीच्याच दिसतायत."

प्रणालीत देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता. आता हे कुठे घडत होतं? ज्या गावात 1988 साली सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, 1991 साली परम 8000 हा महासंगणक झाला, जिथे भारतीय लिपी संगणकावर आणायचं काम झालं, त्या गावात, गणेशखिंडीपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, एका निवृत्त बँक मॅनेजरला 'पाणीकपात' हा शब्द आठ चौकोनांत वाचावा लागत होता. नोटोचे फॉन्ट मागवले, ब्राउझर बंद करून उघडला, आणि चौकोनांची अक्षरं झाली. बातमी पाणीकपातीचीच होती.

आवाजाचं फार सांगत नाही. तो आधी टीव्हीच्या केबलमधून जायचा, टीव्ही जोडलेला नसतानाही. एक आकडा बदलल्यावर ठिकाणावर आला.

पत्त्यांसाठी ऐसलरायट घातलं. त्यात पत्ते लावायचे ऐंशीहून जास्त प्रकार आहेत. बाबा त्यांतला एकच खेळतात आणि बाकीचे "हे कुणाचे आहेत?" असं विचारतात. त्या दुपारी ते सलग खेळले. पेपर वाचला, परत खेळले. आई दोनदा चहा ठेवून गेली. संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

"चालू केलास, छान केलंस. आता बंद कसा करायचा?"

मी पाहिलं. मेन्यूत 'बंद करा'चं बटण होतं, पण फिकट. दाबलं तरी दबत नव्हतं. वाकडला फोन लावला.

"आजोबांना ऑपरेटर गटात घेतलंस का?" भाचा म्हणाला. "मशीन बंद करायचा अधिकार त्या गटाला असतो. एका ओळीचं काम आहे, मामा."

मी बाबांना सांगितलं, तुम्हाला ऑपरेटर करतो, मग तुमचं तुम्हाला बंद करता येईल.

बाबांनी हातातला पत्ता खाली ठेवला. म्हणजे पडद्यावरचा. "मी ब्रँच मॅनेजर म्हणून रिटायर झालोय," ते म्हणाले. "आता या वयात ऑपरेटर होणार नाही."

तेव्हापासून रात्री लॅपटॉप मी बंद करतो. बायको त्याआधी स्वतःचा फोन उशीखाली ठेवते. आणि भाचा परवा म्हणत होता की मामा, एक्स आता जुनं झालं, 2008 पासून लोक त्याच्या जागी येणाऱ्या वेलँडवर काम करतायत, आपण तुझ्याकडे ते करून बघू. पण तेवढ्यात त्याच्या पुढची गाडी हलली.