पॉझिटिव्ह राहा, पण कोणाच्या जिवावर?

आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. मावसभावाची चाकणची नोकरी गेली, पोरगा घरात बसून आहे, दुपारपर्यंत उठत नाही, तर मावशीने वाढदिवसाला त्याला तीन पुस्तकं दिली, सगळी एकाच जातकुळीतली, अंतर्मनाची शक्ती, श्रीमंत होण्याचा विचार आणि पहाटे उठून यशस्वी व्हा टाइप. झालं. काकांनी लिहिलं की हे सगळं अमेरिकन थोतांड, समर्थांनी २०५ मनाचे श्लोक लिहून ठेवलेत ते वाच म्हणावं, फुकट आहेत. त्यावर वहिनी भडकली, की काका तुम्ही पेन्शनवर बसून बोलू नका, माझ्या सख्ख्या भावाचं आयुष्य या पुस्तकांनी सावरलं. मग दोन पार्ट्या, ढीगभर मेसेज, आणि ज्याच्यावरून हे चाललंय तो पठ्ठ्या गप्प. सगळं वाचतो, बोलत नाही.

शेवटी मला टॅग केलं, "तू तिकडे असतेस, तिकडे काय म्हणतात या पुस्तकांबद्दल?" ग्रुपवर एवढं लिहिणं शक्य नाही म्हणून इथे लिहितेय.

मी राहते इंग्लंडमधल्या लीड्सला, आणि गंमत म्हणजे या सगळ्या धंद्याचं मूळ काही अंशी इथलंच आहे. सॅम्युअल स्माइल्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८३८ मध्ये पेपरचा संपादक म्हणून लीड्सला आला. इथले काही गरीब कामगार पोरं संध्याकाळी जमून एकमेकांना लिहायला-वाचायला, गणित, भूगोल शिकवायची. मंडळी वाढली तेव्हा त्यांनी भाड्याने एक कळकट हॉल घेतला, जो आधी कॉलराचं तात्पुरतं हॉस्पिटल होता म्हणून कोणी घेत नव्हतं. त्यांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं, आणि त्या भाषणांतून पुढे १८५९ मध्ये त्याचं 'सेल्फ-हेल्प' आलं. त्यामुळे काका, अमेरिकन म्हणणं अर्धंच बरोबर. पील नावाच्या न्यूयॉर्कच्या पाद्र्याने १९५२ मध्ये पॉझिटिव्ह थिंकिंगचं पुस्तक काढलं तिथून अमेरिकेचा जोर वाढला हे खरं, पण मला महत्त्वाचा वाटतो तो कॉलराचा हॉल. पुस्तक नंतर आलं, आधी पोरं एकत्र बसत होती. पुढे पुस्तकं राहिली, हॉल गेला, आणि माझ्या मते आपल्या ग्रुपवरचं सगळं भांडण त्या गेलेल्या हॉलमुळे आहे.

आता इथे काय करतात ते. इंग्लंडमध्ये २०१३ पासून लायब्ररीत 'रीडिंग वेल' नावाची योजना आहे. टेन्शन, डिप्रेशन, झोप न लागणं यावरची पुस्तकं तज्ज्ञांनी निवडलेली, वेगळ्या यादीत, डॉक्टर किंवा नर्स सांगतात की अमुक घेऊन या, किंवा कोणी न सांगता तुम्हीच उचला. मला पहिल्यांदा ते शेल्फ दिसलं तेव्हा हसूच आलं, कारण पुण्यात अप्पा बळवंत चौकात जी पुस्तकं ढिगाने दिसतात तसली इथे जवळपास नव्हतीच. विश्व तुम्हाला देईल, आकर्षणाचा नियम वगैरे नाही. बहुतेक पुस्तकं म्हणजे चक्क शाळेच्या वर्कबुकसारखी, रकाने भरा: काय झालं, डोक्यात काय आलं, ते खरं आहे याला पुरावा काय, खोटं आहे याला पुरावा काय. एकदम रुक्ष. त्यात एक 'चिंतेची वेळ' नावाचा प्रकार होता, म्हणजे दिवसभर काळजी आली की कागदावर लिहून ठेवायची आणि संध्याकाळी ठरलेल्या अर्ध्या तासात बसून मनसोक्त काळजी करायची. आईला सांगितलं तर म्हणाली, मी हे तीस वर्षं करतेय, फक्त वेळ ठरवलेली नाही.

पण पुस्तक देऊन सोडून देत नाहीत हा मुद्दा आहे. इथे टॉकिंग थेरपीची, म्हणजे बोलून उपचार करण्याची, सरकारी सेवा आहे, २००८ पासून, डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी आपण स्वतः फॉर्म भरू शकतो. कोविडनंतर मी भरला होता. सौम्य त्रास असेल तर बऱ्याचदा आधी थेरपिस्ट नाही देत, हेच वर्कबुक देतात आणि एक ट्रेन्ड माणूस फोन करतो, अर्धा तास. मला एक मुलगी करायची, माझ्याहून निम्म्या वयाची. दर वेळी सुरुवातीला तेच नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी, मग रकाने भरलेत का. न भरलेले असले की कळायचं तिला. ओरडायची नाही, पण मला कॉलेजातल्या जर्नल सबमिशनसारखी लाज वाटायची, म्हणून मी आदल्या रात्री भरायचे. आणि खरं सांगू, उपयोग झाला तो त्या आदल्या रात्रीचा. नुसतं पुस्तक असतं तर तिसऱ्या पानावर चहाचा कप ठेवला असता.

आता इथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका. वेटिंग आहे, भरपूर आहे, आणि जरा गंभीर केस असेल तर माणूस लटकून राहतो. ऑफिसांचं तर विचारूच नका. दोघांचं काम एकाला देतात आणि वर मेडिटेशनचं ॲप फुकट, श्वासावर लक्ष द्या म्हणे! मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं की श्वासाऐवजी एक माणूस वाढवून मिळेल का, तर सगळे खाली बघायला लागले. शाळांमध्येही माइंडफुलनेसचं, म्हणजे सजग राहायच्या ध्यानाचं, फार कौतुक होतं, पण आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, तर शाळेतल्या नेहमीच्या शिकवण्यापेक्षा फार काही जास्त हाती लागलं नाही. म्हणजे ध्यान थोतांड असं नाही, वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांसाठी ध्यानावर आधारलेले कोर्स इथली सरकारी मार्गदर्शक तत्त्वंच सुचवतात. पण सगळ्यांना सरसकट वाटायचा तो प्रसाद नव्हे.

वहिनीला राग येईल, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे" म्हणायचं, हे पुस्तकांत असतं ना, त्यावर कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग केला, २००९ मध्ये छापून आला. ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना अशा वाक्यांनी थोडं आणखी बरं वाटलं, आणि ज्यांना स्वतःबद्दल वाईटच वाटत होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. नोकरी गेलेल्या पोराला आपण नेमकं तेच वाक्य देतोय. शिवाय आपल्याकडे "पॉझिटिव्ह राहा" याचा अर्थ निम्म्या वेळा "आता हा विषय पुरे" असा असतो. त्याने सांगायला सुरुवात केली की कारखान्यातली लाइन बंद झाली, वरच्या साहेबाने ऐनवेळी हात वर केले, की लगेच मावशी म्हणते निगेटिव्ह बोलू नकोस. मग तो बोलेल कधी?

आणि काका, मनाचे श्लोकही एकट्याने पलंगावर लोळत वाचायला लिहिलेले नाहीत हो. समर्थांच्या शिष्यांनी दारोदार भिक्षा मागताना मोठ्याने म्हणायचे असं तुम्हीच आम्हाला सांगायचात, शाळेत आपण रांगेत उभं राहून म्हटले. वामनराव पैंचं "तूच आहेस तुझ्या जीवनाचा शिल्पकार" मुंबईत कितीतरी दारांवर चिकटवलेलं असतं, पण लोक ते स्टिकर वाचून नाही टिकले, प्रवचनाला जाऊन शेजारी कोणीतरी बसायचं म्हणून टिकले असं माझं मत. आपल्या इगतपुरीचंच घ्या. गोएंकाजींच्या विपश्यना ध्यानशिबिरात दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फी नाही, आणि वाचायला-लिहायला बंदी! स्वतःचा शोध घ्यायला सगळ्यात गाजलेली आपली जागा आणि तिथे पुस्तक न्यायचं नाही. तिथेही प्रश्न विचारायला शिक्षक असतात, आणि अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, कारण गंभीर आजार असलेल्याला असं बसवणं बरं नाही हे त्यांनाही माहीत आहे. त्यामुळे "त्याला इगतपुरीला टाका" हा मामांचा सल्लाही जरा दमाने घ्या.

पुस्तकं परत करू नका, मावशीने प्रेमाने आणलीत. पण दर मंगळवारी संध्याकाळी ग्रुपवरच्या कोणीतरी त्याच्याकडे जाऊन बसा, जेवण घेऊन जा, आणि त्याला लाइन कशी बंद झाली ते पूर्ण सांगू द्या, साहेबाला शिव्या घातल्या तर घालू दे. शनिवारी फोन मी करेन. झोप आणि जेवणच उडालंय असं दिसलं तर १४४१६ लावायचा, टेलि-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर मी ग्रुपवर टाकला तेव्हा खाली दोन हात जोडलेले आले आणि लगेच कोणीतरी सूर्योदयाचा सुविचार टाकला. मंगळवारी कोण जाणार ते अजून कोणी लिहिलेलं नाही. काका, तुमचं घर सगळ्यात जवळ आहे.