दोन पिसं आणि दोरा: ड्राय फ्लायबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

ट्राउटच्या मासेमारीत नव्याने उतरणाऱ्याला एक सल्ला हमखास ऐकवला जातो. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी, किड्यासारखी हुबेहूब दिसली पाहिजे. त्यासाठी खास पैदाशीच्या कोंबड्याची महागडी पिसं आणि ढीगभर साहित्य हवं. साधी फ्लाय टिकत नाही, आणि तिला लागतात ते लहान, अननुभवी मासे. तेव्हा पहिली काही वर्षं विकतच घ्या.

मला हा सल्ला चुकीचा वाटतो आणि त्याचा रागही येतो. आपल्या हातानं बांधलेल्या फ्लायवर ट्राउट वर येताना पाहण्याचं सुख तो कितीतरी लोकांपासून वर्षानुवर्षं लांब ठेवतो.

हुबेहूबपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. फ्लाय आपण चिमटीत धरून बघतो, ट्राउट ती खालून बघतो. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं. या खिडकीचा कोन साधारण ९७ अंशांचा असतो. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर तिचा व्यास सुमारे ६८ सेंटीमीटर भरतो. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. वाहत येणारी फ्लाय आधी या आरशात दिसते, आणि तेव्हा तिचं अंग पाण्याच्या पापुद्र्याला जिथे टेकतं तेवढेच ठिपके चमकतात. खिडकीची कड जवळ आली की पंखाची आकृती उमटू लागते. प्रवाहात हे सगळं काही क्षणांत उरकतं. तेवढ्यात माशाला कळतं ते माप, ढोबळ आकार, आणि फ्लाय पाण्यावर कशी बसली आहे ते. पायांचे सांधे मोजायला त्याला सवड नसते.

ॲडम्स ही करड्या रंगाची फ्लाय लेन हॅलाडे यांनी १९२२ साली मिशिगनमध्ये बांधली. ती कुठल्याही एका किड्याची नक्कल नाही, तरी शंभर वर्षांनंतरही ती मासेमाराच्या पेटीत असतेच. ट्राउट आणि त्यांच्या नद्या जपणाऱ्या ‘ट्राउट अनलिमिटेड’ या अमेरिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची ग्रिफिथ्स नॅट तर फक्त मोरपिसाचा तंतू आणि कोंबड्याचं एक पीस एवढ्यावर होते. चिलटांचा पुंजका वाहत आल्यासारखी ती दिसते आणि चालते.

दाव्यात एक गोष्ट खरी आहे. संथ, नितळ पाण्यात ट्राउट फ्लाय निरखून बघतो, आणि तिथे गळाच्या मापातली एका नंबराची चूकही नडते (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान). पण त्यावर उपाय लहान गळ हाच. फ्लायला आणखी दोन पाय जोडून माप सुधारत नाही.

कोंबड्याच्या कडक पिसांशिवाय फ्लाय तरंगत नाही, हेही खरं नाही. खळाळत्या पाण्यात ती पिसं उत्तम काम देतात, ते मी मान्यच करतो. पण हरणाच्या अंगावरचे केस आतून पोकळ असतात आणि हवा धरून ठेवतात. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तेलग्रंथीभोवती जी मऊ पिसं असतात, ज्यांना सगळे सीडीसी म्हणतात, त्यांच्या बारीक तंतूंत हवेचे बुडबुडे अडकतात आणि फ्लाय पापुद्र्यात अलगद बसते. स्लोव्हेनियन मासेमार मार्यान फ्रातनिक यांची एफ फ्लाय या पिसांवरच उभी आहे.

साहित्याच्या ढिगाचं उत्तर म्हणून तीच बांधून दाखवतो. १६ नंबरचा बारीक तारेचा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट पकडणाऱ्या छोट्या शिकंज्यात, धरा. नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा सोडून दोरा सुरू करा आणि बाकापर्यंत वेढे एकमेकांना लागून न्या. तसेच परत या, अंग तयार झालं. आता दोन सीडीसी पिसं एकावर एक ठेवा, टोकं जुळवा, आणि ती अंगावरून मागे जातील अशी नेढ्यामागे तीन-चार घट्ट वेढ्यांनी बांधा. पुढे आलेले देठ कापा. मागची टोकं गळाच्या बाकाच्या रेषेत सरळ छाटा. शेवटची गाठ मारा, दोरा तोडा. नवशिक्याचा हात चुकतो तो नेहमी एकाच जागी, नेढ्याजवळ. तिथे गर्दी झाली की गाठ बसत नाही आणि नेढं बुजतं. ते दोन मिलिमीटर शेवटपर्यंत राखा, एवढंच. १८ किंवा २० नंबरला एक पीस पुरतं, १४ला तीन लागतात. व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन आणि धारदार कात्री, अवजारांची यादी इथे संपते.

टिकाऊपणाबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. एक मासा लागला की सीडीसी त्याच्या चिकट स्रावानं लडबडतं आणि फ्लाय बुडू लागते. ती पाण्यात खळबळून धुवा, कापडात दाबून टिपा, मग कोरड्या पावडरीत घोळवा. तंतू पुन्हा फुलतात. नेहमीचं तरंगवण्याचं जेल मात्र या पिसांना लावू नका. तंतू चिकटून बसतात आणि मग ‘साधी फ्लाय टिकत नाही’ असा ठपका फ्लायवर येतो. माझी एक फ्लाय दातांनी कुरतडून जेमतेम निम्मी उरली होती. त्या संध्याकाळचे शेवटचे तीन ट्राउट तिच्यावरच आले.

राहिला जाणत्या माशांचा मुद्दा. जाणता ट्राउट फ्लाय नाकारतो तेव्हा दोष बहुतेकदा ओढीचा असतो. दोरी वेगवेगळ्या गतीच्या प्रवाहांवर पडते, ताणली जाते, आणि फ्लाय पाण्याबरोबर न वाहता किंचित सरकते. ही सरक कधी कधी इतकी सूक्ष्म असते की काठावरून आपल्याला दिसत नाही, माशाला दिसते. म्हणून नकार मिळाला की आधी उभं राहण्याची जागा बदला. मग टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा दोरीच्या टोकाचा बारीक धागा, लांब आणि आणखी बारीक करा, दोरी सैल पडेल असं फेका. तरीही मासा वळला, तर तीच फ्लाय एक नंबर लहान बांधून लावा.